शरदातले शनिवार-रविवार: मुलांना जवळपास कुठे न्यायचं, हे शोधायचा क्रम

शनिवारी सकाळी साडेनऊला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हमखास मेसेज येतो, "मुलांना घेऊन आज कुठे जाता येईल? जवळपासचं सुचवा." दहा मिनिटांत वीस नावं येतात. त्यातली निम्मी शंभर किलोमीटरवरची, चार फक्त पावसाळ्यात बघण्यासारखी, दोन कधीच बंद पडलेली. कुटुंब साडेअकराला निघतं आणि दीडला पोचतं. मूल तोवर गाडीत झोपलेलं असतं, मोठ्यांना भूक लागलेली असते, डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन असतं. पुढचे तीन रविवार मग मॉलमध्ये जातात.

बहुतेक घरांत ठिकाण आधी ठरतं. मूल, वेळ, ऋतू आणि गर्दी नंतर आठवतात. खालचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. काळ धरला आहे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरअखेरचा, आणि उदाहरणं पुण्याची आहेत, कारण मला पुणं माहीत आहे. नाशिक, कोल्हापूर, नागपूरकरांनी ठिकाणं आपली घालावीत, क्रम मात्र बदलू नये.

टप्पा १: आधी मूल, मग ठिकाण

हे काम गुरुवारी रात्री करायचं. एका कागदावर प्रत्येक मुलासाठी चार गोष्टी लिहा: "कडेवर घे" न म्हणता ते किती वेळ चालतं, दुपारी किती वाजता झोपतं, गाडी किती मिनिटांनी लागते, आणि सध्या त्याला कशाचं वेड आहे. बेडूक, जेसीबी, मावळे, काहीही चालेल.

माझं स्वतःचं प्रमाण असं आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलासाठी घरातून निघून घरी परत येईपर्यंत तीन-साडेतीन तास, त्यात एका बाजूचा प्रवास पाऊण तासाच्या आत. सहा ते नऊ वर्षांसाठी पाच तास. दहाच्या पुढे पूर्ण दिवस चालतो, पण त्या वयात एखादा मित्र किंवा चुलतभावंड बरोबर हवं, नाहीतर सगळा वेळ "आता घरी कधी जायचं?" ऐकावं लागतं.

दोन मुलं असतील तर मर्यादा धाकट्याची धरा. आजी-आजोबा येणार असतील तर पायऱ्यांची चौकशी आत्ताच करा. पर्वतीला शंभरावर पायऱ्या आहेत. आजी हो म्हणतील, पण उतरताना त्यांचे गुडघे नाही म्हणतील.

तपासा: कागदावर अजून एकाही जागेचं नाव नाही ना? असेल तर खोडा.

टप्पा २: पंचांग आणि शाळेचं कॅलेंडर शेजारी ठेवा

शरदातल्या मुलांच्या उपक्रमांपैकी निम्मे तिथीवर चालतात, आणि तिथी दरवर्षी सरकते. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे अठरा दिवसांचा फरक. "गेल्या वर्षी आपण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिवाळीचा मातीचा किल्ला केला होता" या आठवणीवर विसंबलात, तर या वर्षी अळीव उगवून वाळून जाईल आणि दिवाळी यायचीच असेल.

२०२६ चे शनिवार-रविवार असे पडतात:

• १०-११ ऑक्टोबर: शनिवारी सर्वपित्री अमावास्या, रविवारी घटस्थापना.
• १७-१८ ऑक्टोबर: नवरात्रातला मधला शनिवार-रविवार. भोंडल्याला सगळ्यात सोयीचा. आकाशात अर्धा चंद्र.
• २४-२५ ऑक्टोबर: रविवारी रात्री कोजागिरी. दुसऱ्या दिवशी शाळा असते, हे लक्षात घ्या.
• ३१ ऑक्टोबर-१ नोव्हेंबर: किल्ल्याची माती आणि आकाशकंदील.
• ७-८ नोव्हेंबर: दिवाळी. बाहेरगावचं काही ठरवू नका.
• १४-१५ नोव्हेंबर: हवा गार, दिवाळीची गर्दी ओसरलेली. टेकडी, गड आणि पक्षी यांच्यासाठी चांगला.

५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ तारखेला सालिम अली यांचा जन्मदिवस. या आठवड्यात वनविभाग आणि निसर्गप्रेमी संस्था पक्षीनिरीक्षणाच्या फेऱ्या काढतात, आणि त्यातल्या बऱ्याच फेऱ्यांना मुलांना घेऊन जाता येतं. त्याआधी २ ते ८ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह असतो.

सावध: त्रिपुरी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला, मंगळवारी आहे. पुण्यातल्या जुन्या देवळांमधला दीपोत्सव मुलांना आवडतो, पण फक्त शनिवार-रविवार शोधत बसलात तर तो हातचा जातो. घरापासून जवळचं एखादं जुनं देऊळ हेरून त्या संध्याकाळी तासभर जाऊन या.

टप्पा ३: ऋतूची चाळणी

मोबाइलवर दिसणारे व्हिडिओ कधी काढले आहेत हे कोणी सांगत नाही. दरवर्षी सर्वांत जास्त माणसं इथेच चुकतात. सप्टेंबर ते नोव्हेंबरात पुढच्या गोष्टींच्या मागे धावू नका:

• काजवे. ते मेअखेर ते जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर.
• हुरडा. ज्वारीचं कणीस दुधात यायला डिसेंबर उजाडतो. ऑक्टोबरात कोणी "हुरडा पार्टी" म्हणत असेल, तर तिथे बाकी सगळं मिळेल, हुरडा मिळणार नाही.
• भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो). ते थंडीत येतात. डिसेंबरनंतर जा.
• महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. तीही थंडीतली.
• मावळातले धबधबे. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बहुतेकांची धार बारीक झालेली असते.

मग या दिवसांत असतं काय? सप्टेंबरात आणि फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कास पठारावर फुलं असतात. तिथे दिवसाला किती जणांना सोडायचं याची मर्यादा आहे, त्यामुळे आधी ऑनलाइन बुकिंग केल्याशिवाय सुट्टीच्या दिवशी निघू नका. लहान मुलांसाठी मात्र पुण्याहून कास एका दिवसात करणं मला पटत नाही. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या पुढे प्रवास होतो, आणि फुलं चिमुकली असतात. ती पाहायला उकिडवं बसावं लागतं. सहा वर्षांच्या मुलाला तशीच फुलं वेताळ टेकडीवरही दिसतात, आणि तिथे दम लागला की परत फिरता येतं.

ऑक्टोबरअखेर मुळशी, मावळ, भोर या पट्ट्यात भातं पिवळी होतात आणि कापणी सुरू होते. ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीने बांधावर उभं राहून कापणी पाहणं हा शहरातल्या मुलांना शरदात मिळू शकणारा फार मोलाचा अनुभव आहे. पुरंदरकडे सीताफळांचा हंगाम चालू असतो. सासवडला फळांच्या ढिगाशी बसून डोळे उघडलेलं सीताफळ कसं ओळखायचं हे विकणाऱ्या मावशींकडून शिकायला पंधरा मिनिटं पुरतात.

आणि हवा. हस्ताचा पाऊस सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत अचानक गाठतो. त्याची एक ठरलेली चाल असते: सकाळ लख्ख, दुपारी उकाडा, तीन-चारच्या सुमारास ढग आणि विजा. म्हणून ऑक्टोबरात उघड्यावरचं जे काही असेल ते सकाळी सात ते साडेदहा या वेळात उरका. नोव्हेंबरात संध्याकाळही चालते, पण सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. टेकडीवरून साडेपाचला खाली यायला लागा.

टप्पा ४: शोध घरापासून बाहेर न्या

आता ठिकाण. कागदावर चार वर्तुळं काढा: आपली इमारत, चालत जाण्याचं अंतर, दहा-पंधरा किलोमीटर, त्यापलीकडे. आतल्या वर्तुळात काही मिळालं तर बाहेरच्याकडे पाहायचं नाही. लोक नेमके चौथ्या वर्तुळापासून सुरुवात करतात.

पहिलं वर्तुळ: इमारत आणि अंगण

इथे शरद सगळ्यात श्रीमंत असतो, म्हणून दोन गोष्टी सविस्तर सांगते.

भोंडला. घटस्थापना ते दसरा यांच्यातली एक संध्याकाळ ठरवा. वेळ साडेपाचची. रात्री साडेआठला ठेवलात तर लहान मुलं पेंगतात आणि शेजारच्या दांडियाच्या स्पीकरखाली गाणी बुडतात. लागतं ते एवढंच: एक पाट, हत्ती काढायला रांगोळी किंवा तांदूळ, हळदकुंकू, फुलं, आणि गाणी तोंडपाठ असलेली एक तरी आजी. त्या आजींना आठवडाभर आधी सांगा. आयत्या वेळी धरून आणलेल्या आजी दोन गाण्यांनंतर अडखळतात आणि ओशाळतात. गाण्यांच्या मोठ्या अक्षरातल्या पाच-सहा प्रती काढून ठेवा. हत्ती मुलांनाच काढू द्या, सोंड वाकडी आली तरी हात लावू नका. पाट मधे ठेवून फेर धरायचा. मुलगेही फेरात घ्या. खिरापत प्रत्येक घरातून एकेक बंद डब्यात आणायला सांगा आणि ओळखायचा खेळ मनापासून खेळू द्या. डबा हलवून आवाज ऐकणं, वास घेणं, "गोड की तिखट?" असं विचारणं, यात मुलांचा अर्धा तास सहज जातो. आमच्याकडे एका वर्षी भिजवलेल्या शेंगदाण्यांनी सगळ्यांना हरवलं होतं.

किल्ला. इथली नेहमीची चूक तारखेची. वसुबारसेच्या आदल्या दिवशी माती आणली जाते आणि लक्ष्मीपूजनाला किल्ला उघडाबोडका असतो. अळीव मातीवर टाकल्यापासून डोळ्यांत भरण्याइतका हिरवा व्हायला पाच-सहा दिवस लागतात. या वर्षी ८ नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन धरलं, तर ३१ ऑक्टोबरला रचना आणि १ नोव्हेंबरला पेरणी. क्रम असा:

१. शुक्रवारपर्यंत माती, विटा-दगड आणि एक जुनं गोणपाट आणून ठेवा. माती चाळणं हे मुलांचं काम.
२. विटा-दगडांचा उंचवटा रचा. बुरूज कुठे, दरवाजा कुठे, पाण्याचं टाकं कुठे हे मुलांना आधी कागदावर काढायला लावा.
३. गोणपाट पातळ चिखलात बुडवून त्या रचनेवर पांघरा. त्यामुळे उतारावरची माती घसरत नाही.
४. वरून ओल्या मातीचा थर हाताने थापा. पायऱ्या आत्ताच कोरा, वाळल्यावर फुटतात.
५. अळीव कोरडेच भुरभुरा. भिजवलेत तर बुळबुळीत गोळा होतो आणि एकाच जागी झुपका उगवतो.
६. पाणी हाताने शिंपडा. तांब्याने ओतलं की बी वाहून पायथ्याशी जमा होतं.

मावळे आणि पणत्या घ्यायला कसब्याकडच्या कुंभारवाड्यात मुलांना बरोबर न्या, आकाशकंदिलाच्या कामट्यांना बुरूड आळीत. खरेदी आणि सहल एकाच फेरीत होते. दिवाळीच्या अगदी तोंडावर मात्र तिथे मूल कडेवर घेऊनही उभं राहता येत नाही. दोन आठवडे आधी जा.

थांबा: किल्ल्याला सिमेंट लावायला निघालेल्या बाबांना हळूच चहाला बोलवा. किल्ला मुलांचा आहे.

आकाश. गच्चीवर जायला कोजागिरीचाच मुहूर्त लागतो असं नाही. चंद्रावरचे खड्डे बघायचे असतील तर पौर्णिमा सगळ्यात वाईट, कारण समोरून प्रकाश पडतो आणि सावल्याच नसतात. अर्धा चंद्र असताना, म्हणजे १७-१८ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, साध्या दुर्बिणीतून उजेड आणि अंधाराच्या सीमेवर खड्डे नीट दिसतात. दुर्बीण कठड्यावर टेकवून धरा. मुलांचा हात हलतो आणि "मला काहीच दिसत नाही" म्हणून ती पळतात. या ऑक्टोबरात संध्याकाळी पूर्वेकडे शनीही असतो. दुर्बिणीतून कडं दिसणार नाही, त्याला टेलिस्कोप हवा, पण न लुकलुकणारा पिवळसर ठिपका मुलाला स्वतः शोधू द्या.

दुसरं वर्तुळ: चालत

जवळची टेकडी, नदीकाठ, वाचनालय, महापालिकेची बाग. काही वेगळं लागत नाही, फक्त एक काम हातात द्या: "पाच प्रकारच्या बिया गोळा कर" किंवा "कोळ्यांची तीन जाळी शोध". काम नसेल तर मूल दहा मिनिटांत मोबाइल मागतं.

सावध: ऑक्टोबरनंतर टेकडीवरचं गवत वाळतं आणि कुसळं मोज्यात घुसतात. लोकरी किंवा जाळीदार कपडे नकोत; गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट आणि पायवाटेवरच चालणं. उंच गवतात चेंडू गेला तर तो काठीने काढा, हात घालू नका.

तिसरं वर्तुळ: दहा-पंधरा किलोमीटर

दुपारच्या उन्हात किंवा पावसात छताखालचं एखादं ठिकाण हाताशी हवं. राजा दिनकर केळकर संग्रहालयात मुलांना सगळं दाखवायला जाऊ नका. तीनच गोष्टी ठरवा: दिवे, अडकित्ते, वाद्यं. "सगळ्यात विचित्र आकाराचा अडकित्ता शोध आणि त्याचं चित्र काढ" एवढं सांगितलं की सात वर्षांचं मूल काचेला नाक लावून उभं राहतं. कोथरूडचं छोट्या रेल्वेचं जोशी संग्रहालय रेल्वेवेड्या मुलांसाठी. खेळाच्या वेळा विचारूनच निघा. जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी आठव्या शतकातली आहेत आणि अर्ध्या तासात पाहून होतात. लहान मुलांच्या मानाने हा वेळ अगदी बेताचा आहे.

मोठी झाडं हवी असतील तर एम्प्रेस गार्डन. कात्रजचं राजीव गांधी प्राणीसंग्रहालय बुधवारी बंद असतं; शनिवार-रविवारी याचा संबंध नाही, पण दिवाळीच्या सुट्टीत नेमके बुधवारी पोचणारे खूप. तिथलं अंतर मोठं आहे. दार उघडताच आत शिरा आणि उन्हाच्या आत बाहेर पडा.

आठवी-नववीच्या मुलांसाठी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यान-प्रात्यक्षिक ठेवत आली आहे. यंदा ते शनिवार १० ऑक्टोबर आणि १४ नोव्हेंबरला येतात. सुट्ट्यांमुळे बदल होऊ शकतो, म्हणून आधी चौकशी हवीच. आकाशाचं वेड लागलेल्या मुलासाठी टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे.

सोलापूर रस्त्यावर कवडीपाटला नोव्हेंबरात पाहुणे पक्षी यायला लागतात. नारिंगी चक्रवाक लहान मुलांनाही पटकन ओळखता येतो. सकाळी साडेसहाला पोचा, आठनंतर मजा कमी होते. नदीचं पाणी घाण आहे आणि दगड शेवाळलेले असतात. मुलांना काठाशी बसवून दाखवा, पाण्यात उतरवू नका.

चौथं वर्तुळ: त्यापलीकडे

महिन्यातून एकदाच, आणि शक्यतो दिवाळीनंतर. आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी पहिला गड म्हणून मी लोहगड सुचवते. वर जायला पायऱ्या आहेत, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक दरवाजे येतात, त्यामुळे मुलांना टप्पे मोजता येतात. पुण्याहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं. लोकलचा प्रवास हा निम्मा आनंद. स्टेशनपासून पायथ्याची लोहगडवाडी बरीच लांब आहे, तिथवर मुलांना चालवून दमवू नका, रिक्षा किंवा जीप करा. लोहगड २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे, आणि रविवारी तिथे खूप गर्दी असते. शनिवारी सकाळी जा. विंचूकाट्याच्या अरुंद सोंडेवर लहान मुलांना नेऊ नका. वरून दाखवा, पुरतं.

सिंहगडला स्वतःची गाडी नेणार असाल तर रविवारी सकाळी सहा-साडेसहापर्यंत घाटाच्या खाली पोचलेलं असा. त्यानंतर घाटातच अडकता.

सावध: गडांवर आणि लेण्यांत आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, धूर करू नका, दगड मारू देऊ नका.

टप्पा ५: माहिती जिथे खरंच असते तिथे शोधा

इंटरनेटवर "बेस्ट प्लेसेस" शोधलंत तर तीच दहा नावं सगळीकडे फिरताना दिसतील. छोटे उपक्रम तिथे येतच नाहीत. ते इथे सापडतात: वर्तमानपत्राच्या शहर पानावरचं "आज शहरात" हे बारीक अक्षरातलं सदर, वाचनालयाचा फळा, बागेच्या दारावरचा फ्लेक्स, शाळेच्या दारातल्या इतर पालकांची तोंडं, आणि ज्या संस्थांचे कार्यक्रम एकदा आवडले त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. बुधवारी-गुरुवारी पंधरा मिनिटं पुरतात. शनिवारी सकाळी शोधायला बसलात तर जागा भरलेल्या असतात.

टप्पा ६: फोन करा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. दोन वर्षांपूर्वी मीही गाळला होता. एका कृषी पर्यटनाच्या जागेचे फोटो पाहून आम्ही नऊजण गेलो, त्यात माझ्या बहिणीचा तीन वर्षांचा मुलगा. बैलगाडी होती, पण बैल शेतावर कामाला गेले होते. भाताची लावणी "जुलैमध्येच असते ताई", असं तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, आणि त्याचं बरोबरच होतं. शिवाय स्वच्छतागृहाला पाणी नव्हतं. जेवणाचे पैसे आधीच भरलेले होते. दोन मिनिटांच्या फोनमध्ये हे सगळं कळलं असतं.

शुक्रवारी दुपारी फोन करा आणि हेच सहा प्रश्न विचारा:

१. या शनिवारी नक्की चालू आहे ना? (नुसतं "चालू असतं ना?" विचारलंत तर "हो" हेच उत्तर येतं.)
२. या आठवड्यात मुलांना प्रत्यक्ष काय करायला मिळेल?
३. किती वर्षांपासून? मोठ्यांना बरोबर थांबता येतं का?
४. स्वच्छतागृह कुठे, आणि पाणी आहे का?
५. पाऊस आला तर काय? पैसे परत मिळतात का?
६. गाडी कुठे लावायची, आणि तिथून चालायचं किती?

तपासा: समोरच्या माणसाने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "खूप काही आहे, तुम्ही या तर" असं दिलं, तर दुसरं ठिकाण बघा.

टप्पा ७: एकच गोष्ट, आणि एक पर्याय

एका दिवसात एकच ठिकाण. "जवळच आहे तर ते पण करून घेऊ" यात दोन्हींचा विचका होतो. पाऊस आला, गर्दी दिसली किंवा मूल तापाने फणफणलं, तर काय करायचं हे आधीच ठरवून मुलांना सांगून ठेवा: "टेकडीवर जाता आलं नाही तर आपण कामट्या आणून कंदील करू." आधी कानावर घातलेलं असलं की रडारड कमी होते.

टप्पा ८: पिशवी आदल्या रात्री

पाणी माणशी एक लिटर, ऑक्टोबरात थोडं जास्त. खाणं हाताने खाता येईल असं: गूळ-पोळीचा रोल, थालीपीठ, केळी. जास्तीचे कपडे, नॅपकिन, दोन रिकाम्या पिशव्या (एक कचऱ्याला, एक गाडी लागली तर), टोपी, डासांचं मलम, बँडेज. डास या दिवसांत फार असतात, पूर्ण बाह्या घाला. एक सतरंजी. सुटे पैसे. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी.

गाडी लागणाऱ्या मुलाला निघण्याआधी दूध देऊ नका. कोरडी पोळी किंवा खाकरा द्या, खिडकी उघडी ठेवा, आणि हातात मोबाइल किंवा पुस्तक देऊ नका.

टप्पा ९: त्या दिवशी

पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत स्वच्छतागृह बघून घ्या आणि "हरवलास तर इथे उभं राहायचं" अशी एक जागा दाखवा. मग मुलाच्या चालीने चाला. ते मुंग्यांच्या रांगेपाशी वीस मिनिटं बसलं तर बसू द्या. वरचं देऊळ कुठे पळून जात नाही.

मूल कंटाळायच्या थोडं आधी निघा. खूण सोपी आहे: ते उगाच धाकट्याला ढकलायला लागतं, किंवा चप्पल काढून बसतं. तेव्हा "आणखी दहा मिनिटं" म्हणू नका, पिशवी उचला.

टप्पा १०: वही

घरी आल्यावर, अंघोळीनंतर, एका साध्या वहीत चार ओळी लिहा: तारीख आणि तिथी, किती वाजता निघालो आणि पोचलो, काय आवडलं, कुणाचा नंबर पुढच्या वेळी लागेल. गर्दी किती वाजता सुरू झाली हेही लिहा. मुलाला त्याच पानावर एक चित्र काढू द्या. आमच्या वहीत मागच्या नोव्हेंबरच्या पानावर धाकट्याने चक्रवाक काढला आहे, पिवळ्या खडूने, कारण नारिंगी संपला होता, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय: "साडेसहाला पोचलो. आई उठवत होती तेव्हा मी रडलो नाही."